जयगढचे धन आणि त्याचे दावेदार

१९७६ सालच्या ऑगस्ट महिन्यात पाकिस्तानचे पंतप्रधान झुल्फिकार अली भुट्टो यांनी भारताच्या पंतप्रधान इंदिरा गांधी यांना एक पत्र लिहिले. जयपूरजवळच्या जयगढ किल्ल्यात भारत सरकार पुरलेल्या संपत्तीचा शोध घेत आहे, अशी वार्ता त्यांच्या कानी आली होती. फाळणीच्या वेळच्या समझोत्याचा हवाला देऊन, या संपत्तीतील आपल्या देशाचा वाटा विसरला जाऊ नये, अशी आठवण त्यांनी करून दिली. तोवर किल्ल्यात खजिना म्हणावा असे काही सापडल्याची अधिकृत वार्ता नव्हती. धन हाती येण्याआधीच त्याच्या वाटणीवरून दोन देशांच्या पंतप्रधानांत पत्रव्यवहार व्हावा, हा प्रकार इतिहासात विरळाच म्हणावा लागेल. परंतु जयगढच्या कथेत दावा आधी आणि धन मागाहून, हा क्रम भुट्टोंपासून सुरू झालेला नाही. तो त्याच्या दोनशे वर्षे आधीपासूनचा आहे, आणि त्या जुन्या दावेदारांमध्ये मराठेही होते.

प्रथम स्थळाविषयी. कोकणात शास्त्री नदीच्या मुखाशी असलेल्या जयगडाशी या जयगढची गल्लत होऊ नये. हा किल्ला आमेरच्या राजवाड्याच्या वर, अरवलीच्या ‘चील का टीला’ या टेकडीवर उभा आहे. त्याचे आजचे रूप प्रामुख्याने सवाई जयसिंहाच्या काळातले, म्हणजे अठराव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थांशातले. येथे तोफा ओतण्याचा कारखाना होता. १७२० साली ओतलेली, चाकांवर उभी असलेली सुमारे पन्नास टनांची ‘जयवाण’ तोफ आजही प्रवासी पाहतात. किल्ल्यावर बारमाही झरा नाही. त्यामुळे आसपासच्या डोंगरउतारांवरचे पावसाचे पाणी कित्येक किलोमीटर लांबीच्या कालव्यांतून आणून ते मोठमोठ्या टाक्यांत साठवण्याची योजना तेथे केलेली आहे. त्यांपैकी सर्वांत मोठ्या टाक्यात सुमारे साठ लाख गॅलन पाणी मावते आणि त्याचे छत एक्याऐंशी खांबांवर तोललेले आहे. रखरखीत प्रदेशातील डोंगरमाथ्यावर एवढे पाणी राखणे, ही त्या काळच्या स्थापत्याची असामान्य कामगिरी होय. मात्र या टाक्यांची कीर्ती पसरली ती पाण्यामुळे नव्हे. त्यांच्या तळाशी सोने आहे, असा लोकप्रवाद होता, आणि त्याच प्रवादापायी पुढे हा किल्ला खणला गेला.

प्रवाद असा, की आमेरचा राजा मानसिंह याने अकबराच्या वतीने काबूलकडे मोहीम केली, तेथून अपार लूट आणली आणि बादशहाला हिशेब न देता ती जयगढच्या पोटात दडवली. सात टाक्यांतील सात निधींचे वर्णन करणारे एक जुने हस्तलिखित असल्याचेही सांगितले जाते. नव्या राजाला आयुष्यात एकदाच, डोळे बांधून खजिन्यात नेत. तेथून त्याने एकच वस्तू उचलायची. कोणा एका राजाने रत्नजडित पक्षी उचलला. ही कथा जयपुरात पिढ्यानपिढ्या ऐकली-ऐकवली गेली आहे.

कथेतील इतिहासाचा अंश वेगळा काढता येतो. १५८५ साली अकबराचा सावत्र भाऊ मिर्झा हकीम मरण पावल्यावर मानसिंह काबूलला गेला आणि तेथील कारभार त्याच्याकडे आला, हे खरे. पण दोनच वर्षांत त्याला तेथून काढून बिहारकडे पाठवण्यात आले. त्यानंतरचे त्याचे बरेचसे आयुष्य बंगाल-बिहारमध्ये गेले आणि १६१४ साली तो वऱ्हाडात, एलिचपूर येथे, दख्खनच्या मोहिमेवर असताना वारला. म्हणजे ज्याने हे धन पुरले असे म्हणतात, तो आमेरपासून शेकडो कोसांवर, आजच्या अचलपुरात निवर्तला. शिवाय आज दिसणारा किल्ला बहुतांशी त्याच्यानंतर शंभर वर्षांनी आकाराला आला. प्रवादाचे समर्थक यावर म्हणतात की जयगढच्या जागी आधीही तटबंदी होती; आणि तेही खोटे नाही.

तथापि असा प्रवाद रुजावा यासाठी भूमी मात्र तयार होती. मुघल व्यवस्थेत मनसबदार मरण पावला की त्याच्या मालमत्तेवर सरकारी मोहोर लागे. त्याच्याकडे येणे असलेली रक्कम वळती केल्यावर उरेल ते, बादशहाची मर्जी असेल त्याप्रमाणे, वारसांना मिळे. बर्निए या फ्रेंच प्रवाशाने सतराव्या शतकात या रिवाजाचे मोठ्या नाराजीने वर्णन केले आहे. वतन राखून असलेल्या रजपूत राजांना याची झळ इतरांइतकी लागत नसे, तरी धास्ती सर्वांनाच होती. ज्या राज्यात मेलेल्या माणसाची पेटी त्याच्या मुलाआधी सरकार उघडते, तेथे धन दडवणे हा लोभ नसून खबरदारी ठरते. सरकारला न कळलेली संपत्ती कोठेतरी असणारच, असा समज मग श्रीमंत घराण्यांभोवती आपोआप तयार होतो. सरकारही त्यावर विश्वास ठेवते आणि शेजारीही.

या शेजाऱ्यांत अठराव्या शतकात मराठे आले. सवाई जयसिंह १७४३ साली वारला आणि ईश्वरीसिंह व माधोसिंह या त्याच्या दोन पुत्रांत गादीचा तंटा सुरू झाला. माधोसिंहाची आई उदयपूरची राजकन्या. त्यामुळे मेवाड त्याच्या पाठीशी. दोन्ही पक्ष मराठ्यांची मदत विकत घेऊ पाहत होते, आणि दोघांनीही आपल्या ऐपतीपलीकडची वचने दिली. मार्च १७४७ मध्ये राजमहालच्या लढाईत ईश्वरीसिंहाची सरशी झाली. पुढच्याच वर्षी बगरूला मल्हारराव होळकर माधोसिंहाच्या बाजूने उतरले आणि ईश्वरीसिंहाला नमते घ्यावे लागले. कबूल केलेल्या रकमा भरल्या जाईनात. ज्या केशवदास खत्रीने हा व्यवहार कसाबसा सांभाळला होता, त्यालाच ईश्वरीसिंहाने संशयापोटी विष देऊन मारले. १७५० च्या डिसेंबरात मल्हारराव फौजेनिशी जयपूरकडे सरकले. राजाने काही रक्कम पुढे केली. ती पुरेशी वाटली नाही. तेव्हा ईश्वरीसिंहाने विष घेतले आणि सर्पदंशही करवून घेतला. त्याच्यासोबत त्याच्या राण्यांनीही प्राण दिले.

या घटनेकडे मराठी इतिहासलेखनात पुष्कळदा उत्तरेच्या राजकारणातील एक दुर्दैवी प्रसंग म्हणून पाहिले जाते आणि पान उलटले जाते. जयपूरकरांनी ते उलटले नाही. जानेवारी १७५१ मध्ये जयप्पा शिंदेही येऊन पोहोचल्यावर, नवे शहर पाहावे, बाजार करावा म्हणून तटाच्या आत गेलेल्या मराठी माणसांवर दरवाजे बंद करून हल्ला झाला आणि ती हजारोंच्या संख्येने कापली गेली. जदुनाथ सरकारांनी या दिवसाचे वर्णन मराठी व फार्सी साधनांच्या आधारे केले आहे. खंडणीचा आकडा आणि तिजोरीतला आकडा यांच्यातील अंतराने एक राजा आणि हजारो शिलेदार, बारगीर, बाजारबुणगे यांचा बळी घेतला. मराठ्यांच्या बाजूची समजूत साधी होती: एवढे देखणे शहर ज्याने वसवले त्याच्याकडे पैसा नाही, हे कसे मानावे? राजा देत नाही तो दडवून ठेवतो म्हणून. जयपूरच्या बाजूचे उत्तरही तितकेच साधे असू शकत होते: पैसा शहरातच गेला. १७२७ पासून आखीव रस्ते, चौक, बाजारपेठा, वेधशाळा यांवर जयसिंहाने जे खर्चले, तेच मानसिंहाचे धन होते, असे मानणारे अभ्यासक आहेत. पण हे उत्तर खंडणी मागणाऱ्याला ऐकवण्यासारखे नव्हते.

याच वादाची पुनरावृत्ती १७८७ मध्ये झाली. महादजी शिंद्यांनी बादशहाच्या वतीने जयपूरकडे थकलेल्या खंडणीची मागणी केली, बोलणी फिसकटली आणि जुलै महिन्यात तुंगा-लालसोटच्या रणात महादजींना माघार घ्यावी लागली. खंडणी देण्यास असमर्थ म्हणवणाऱ्या त्याच प्रतापसिंहाने बारा वर्षांनी, १७९९ मध्ये, हवामहल बांधला. दडवलेल्या धनावर विश्वास ठेवणाऱ्यांना आणखी काय पाहिजे होते! उलट, दुसरा एक आकडा या विश्वासाच्या मुळावरच येतो. १८१८ च्या तहाने जयपूर कंपनी सरकारच्या छत्राखाली आले आणि सालाना आठ लाखांच्या खंडणीला बांधले गेले. ही रक्कम त्या राज्याला कधीच पेलली नाही. १८४२ मध्ये कंपनीने खंडणी चार लाखांवर आणली आणि साचलेली छेचाळीस लाखांची थकबाकी माफ केली. डोंगराच्या पोटात अगणित सुवर्ण असलेले राज्य चोवीस वर्षे आठ-आठ लाखांसाठी सावकारांच्या दारी जाते, हे चित्र प्रवादाशी जुळत नाही. कंपनीच्या अधिकाऱ्यांनी, जे पैशाच्या बाबतीत भोळे म्हणून प्रसिद्ध नव्हते, जयगढ खणण्याऐवजी थकबाकी माफ करणे पसंत केले, ही गोष्टही ध्यानात घेण्याजोगी आहे.

एका दावेदाराचा उल्लेख येथेच केला पाहिजे, कारण त्याने दावा कधी मांडलाच नाही. परंपरा सांगते की जयगढच्या खजिन्याची राखण मीणा जमातीकडे होती. खजिन्याचा मार्ग राजाला माहीत नसे, मीणांना माहीत असे. कच्छवाह येण्यापूर्वी आमेरच्या परिसरात मीणांचीच सत्ता होती. सत्ता गेली आणि पहारा उरला. ज्यांच्या इमानावर राज्याच्या सगळ्या संपत्तीचा भरवसा ठेवला जाई असे आख्यायिका म्हणते, त्याच जमातीला विसाव्या शतकात जन्मजात गुन्हेगार ठरवण्यात आले. जयपूर संस्थानच्या १९३० च्या ‘जरायम पेशा’ कायद्यान्वये मीणांना पोलीस ठाण्यावर हजेरी देणे भाग पडले. हा कायदा रद्द होण्यास १९५२ साल उजाडले. १९७६ मध्ये जेव्हा दिल्ली, जयपूरचे राजघराणे आणि इस्लामाबाद यांच्यात धनाच्या मालकीची चर्चा झाली, तेव्हा या चौथ्या पक्षाची कोणालाच आठवण झाली नाही.

संस्थाने विलीन झाली तेव्हा मालकीचा प्रश्न प्रथमच कागदावर आला. ३० मार्च १९४९ रोजी जयपूर बृहद् राजस्थानात सामील झाले आणि महाराजा सवाई मानसिंह (दुसरे) राजप्रमुख झाले. त्यांचा तनखा अठरा लाख रुपये ठरला. विलीनीकरणाच्या करारांत एक कलम सर्वत्र समान होते: राजाची खासगी मालमत्ता आणि राज्याची मालमत्ता वेगळी करायची, राजाने खासगी मालमत्तेची यादी द्यायची, आणि यादीवर तंटा झाल्यास तो भारत सरकारने नेमलेल्या व्यक्तीने मिटवायचा. शतकानुशतके ज्या राजाला ‘माझे’ आणि ‘राज्याचे’ हा भेद करण्याची गरजच पडली नव्हती, त्याला तो काही महिन्यांत करावयाचा होता. कोणता महाल, कोणता बाग, कोणते दागिने, कोणते शेअर, सारे लिहून द्यायचे. जयगढ किल्ला खासगी मालमत्तेत राहिला.

यादीत जे आहे त्याची मालकी ठरली. यादीत जे नाही त्याचे काय? जयगढच्या धनाबाबतची कायदेशीर गुंतागुंत या एका प्रश्नात सामावलेली आहे. ते अस्तित्वात असते, तर राजाने ते लिहून दिलेले नव्हते. म्हणजे ते खासगी म्हणता येत नव्हते. राज्याच्या खात्यावरही ते नव्हते; म्हणजे सरकारी म्हणता येत नव्हते. ते एखाद्या पूर्वजाचे, तो पूर्वज एका बादशहाचा चाकर, आणि मूळ माल तिसऱ्याच मुलुखातून लुटलेला. १९७१ च्या सव्विसाव्या घटनादुरुस्तीने तनखे आणि संस्थानिकांची मान्यता संपुष्टात आणली, आणि मग ज्या करारांच्या आधारे खासगी-सरकारी ही विभागणी झाली होती, त्यांच्या पावित्र्याविषयी फारसा आदर कोणाच्या मनात उरला नाही.

जुन्या धर्मशास्त्रांनी आणि राजनीतीने हा प्रश्न बराच आधी ओळखला होता. कौटिल्य निधी कळवणाऱ्याला सहावा हिस्सा देतो, चाकराला बारावा. लाखापलीकडचा निधी राजाकडे जातो. वडिलोपार्जित निधी आपला आहे असे सिद्ध करणाऱ्या सचोटीच्या माणसाला तो संपूर्ण मिळतो. सिद्ध न करता आल्यास पाचशे दंड, गुपचूप घेतल्यास हजार. मनुस्मृती विद्वान ब्राह्मणाला सापडलेला निधी सर्वच्या सर्व त्याला बहाल करते. कायदा लिहिणारा कोण होता, हे अशा ठिकाणी कळते. ब्रिटिश सरकारने १८७८ साली केलेला भूमिगत निधीचा कायदा आजही लागू आहे. दहा रुपयांहून अधिक किमतीचे काही जमिनीत सापडले, तर त्याची खबर जिल्हाधिकाऱ्याला द्यायची. त्याने जाहीर नोटीस काढून दावेदारांना बोलवायचे. शंभर वर्षांच्या आत ते पुरले गेल्याचे व कोणी मालक असल्याचे सिद्ध झाले नाही, तर ते बेवारस ठरवायचे. मग अन्य करार नसल्यास तीन चतुर्थांश सापडवणाऱ्याला आणि एक चतुर्थांश जागेच्या मालकाला. सरकारला ते धन हवेच असेल, तर धातूची वा रत्नांची किंमत आणि वर तिचा एक पंचमांश मोजून ते घ्यायचे. या कायद्याचा कणा वाटणीत नसून जाहीर नोटिशीत आहे. दोन हजार वर्षांच्या अंतरानेही दोन्ही व्यवस्था एकच गोष्ट मागतात: आधी सांगा, मग भांडा.

महाराष्ट्रातील लोकसमजुतीने गुप्तधनासाठी पायाळू माणूस शोधला, डोळ्यांत अंजन घातले, हंड्यावर नाग बसवला. त्यात जे अघोरी होते, त्याला २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा ठरवले. पण या समजुतीतला नाग एक काम चोख करतो. हे धन कोणाचे तरी आहे, ते उघड्यावर पडलेले नाही, याची तो आठवण देतो.

१९७५ च्या फेब्रुवारीत प्राप्तिकर खात्याने जयपूर राजघराण्याच्या महालांवर छापे घातले. त्या वेळी राजमाता गायत्रीदेवी स्वतंत्र पक्षाच्या खासदार होत्या. १९६२, १९६७ आणि १९७१ अशा तिन्ही निवडणुका त्यांनी जयपुरातून जिंकल्या होत्या. मोती डुंगरी या छोट्या किल्ल्यात सोने सापडले. ते संस्थानच्या शेवटच्या अंदाजपत्रकात नोंदलेलेच सोने असल्याचा खुलासा गायत्रीदेवींनी आपल्या आत्मकथेत केला आहे. सुवर्ण नियंत्रण कायद्याचा तो काळ होता. सोने जवळ असणे हीच संशयास्पद बाब होती. जूनमध्ये आणीबाणी आली, आणि जुलैअखेर गायत्रीदेवी व त्यांचे सावत्र पुत्र कर्नल भवानीसिंह यांना परकीय चलनविषयक स्थानबद्धता कायद्याखाली पकडून तिहार तुरुंगात ठेवण्यात आले. भवानीसिंहांना १९७१ च्या युद्धातील कामगिरीबद्दल महावीरचक्र मिळालेले होते. गायत्रीदेवी सुमारे साडेपाच महिने तुरुंगात होत्या.

अशा वेळी, १९७६ च्या जूनमध्ये, जयगढवर खोदकाम सुरू झाले. लष्कराच्या अभियंत्यांची मदत घेण्यात आली, धातुशोधक यंत्रे आणली गेली, टाकी उपसण्यात आली, फरशा उखडल्या गेल्या. ते नोव्हेंबरपर्यंत चालले. वर्तमानपत्रांवर अभ्यवेक्षण होते; किल्ल्याचे मालक नुकतेच तुरुंगातून सुटलेले; विधिमंडळात वा संसदेत प्रश्न विचारण्याचे धैर्य कोणात उरलेले नव्हते. निधीच्या कायद्यातील जाहीर नोटीस ज्या मोकळ्या हवेत अर्थपूर्ण ठरते, ती हवाच त्या पाच महिन्यांत नव्हती. काही हाती लागले नाही, असे सरकारने सांगितले. पुढील लेखनात २३० किलो चांदीचा उल्लेख येतो. जयपुरात मात्र निराळेच बोलले गेले: दिल्ली-जयपूर रस्ता एक दिवस बंद होता, लष्करी मालमोटारींचा तांडा रातोरात गेला, सोने गेले. कोठे गेले, याची उत्तरे ज्याच्या त्याच्या राजकारणानुसार बदलत राहिली.

या अफवेला पुरावा नाही. तिला आधार नाही, असे मात्र म्हणता येत नाही. तिचा आधार एवढाच, की ज्या सरकारने मालकाला तुरुंगात ठेवून आणि वर्तमानपत्राला गप्प बसवून खणले, त्याच्या ‘काही सापडले नाही’ या वाक्याला साक्षीदार नव्हता. गावच्या चोरीत पाटीलसुद्धा चार पंच बोलावून पंचनामा करतो. जयगढला तटस्थ पंच नव्हते. त्यामुळे सरकार खरे बोलत असले, आणि १८४२ चा थकबाकीचा आकडा पाहता ते खरेच बोलत असावे असे मानण्यास जागा आहे, तरी त्याच्यावर विश्वास ठेवण्याचे कारण त्याने स्वतःच नाहीसे केले होते.

भुट्टोंच्या पत्राचे उत्तर ३१ डिसेंबर १९७६ रोजी गेले. आपल्या कायदेपंडितांनी या दाव्याचा कसून विचार केला असून त्याला कायद्याचा आधार नाही, आणि तसेही ते धन अस्तित्वातच नसल्याचे दिसून आले आहे, असा त्याचा आशय होता. कायद्याचा मुद्दा पक्का होता. फाळणीच्या वेळी जी वाटणी झाली ती ब्रिटिश हिंदुस्थानच्या सरकारी मालमत्तेची. तीत रोख शिल्लक आली, लष्करी सामग्री आली, कचेऱ्यांतील टंकलेखन यंत्रेही आली. संस्थानांची तिजोरी त्यात नव्हती. १५ ऑगस्ट १९४७ रोजी जयगढचे धन, असलेच तर, जयपूर दरबारचे होते आणि जयपूर भारतात सामील झालेले होते. पण भुट्टोंचा दावा हास्यास्पद म्हणून सोडून देण्यापूर्वी एका गोष्टीकडे लक्ष द्यावे. धन काबूलच्या लुटीचे आहे, ही आख्यायिका खरी मानायची, तर त्यावर पहिला हक्क सिंधूपलीकडच्या ज्या खेड्यांतून आणि पेठांतून ते ओरबाडले गेले त्यांचा. तो हक्क भुट्टोंनीही सांगितला नाही. त्यांनी वाटा मागितला तो एका सरकारचा, दुसऱ्या सरकारपाशी.

बुडालेल्या धनाच्या खटल्यांत हाच अनुभव येतो. अमेरिकेच्या केप कॉडजवळ १७१७ साली ‘व्हायदा’ हे चाच्यांचे जहाज वादळात बुडाले; १९८४ मध्ये ते बॅरी क्लिफर्ड या शोधकाला सापडले. मॅसॅच्युसेट्स राज्याने मालकी सांगितली, आणि १९८८ मध्ये त्याच राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल शोधकाच्या बाजूने दिला. व्हायदा चाच्यांच्या हाती पडण्यापूर्वी गुलामांची ने-आण करणारे जहाज होते, आणि माणसे विकून परतत असताना ते पकडले गेले होते. त्या विकलेल्या माणसांच्या वतीने न्यायालयात कोणी उभे नव्हते. ‘मर्सेदेस’ हे स्पॅनिश लढाऊ जहाज १८०४ साली इंग्रजांनी बुडवले. त्यातील नाणी २००७ मध्ये एका अमेरिकन कंपनीने वर काढली. अमेरिकन न्यायालयांनी ती २०१२ मध्ये स्पेनला परत द्यायला लावली. नाण्यांचे रुपे पेरूच्या मुलुखातले आहे, हा पेरूचा दावा टिकला नाही. भारताच्या संविधानाचे २९७ वे कलम प्रादेशिक समुद्राच्या तळाशी असलेल्या मौल्यवान वस्तू थेट संघराज्याच्या हवाली करते. समुद्र असो वा डोंगर, मालकीचा माग काढताना न्यायालये शेवटच्या ध्वजापाशी थांबतात. त्यामागची लूट त्यांच्या कक्षेबाहेर राहते.

जयगढनंतरही अशा गोष्टी घडल्या. त्यांतील दोन परस्परांविरुद्ध दिशेच्या आहेत. ऑक्टोबर २०१३ मध्ये उत्तर प्रदेशातील उन्नाव जिल्ह्यात, डौंडियाखेडा येथे, एका साधूच्या स्वप्नातील हजार टन सोन्यासाठी पुरातत्त्व खात्याने उत्खनन केले. कुदळ पडण्यापूर्वीच राज्य सरकार, गावकरी आणि १८५७ मधील त्या राजाचे वंशज म्हणवणारे यांनी आपापला हिस्सा सांगून ठेवला होता. सोने निघाले नाही. पण सारे दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्यांसमोर झाल्यामुळे सोने कोणी पळवले असेही फारसे कोणी म्हटले नाही. लोक हसले आणि विसरले. दुसरी गोष्ट तिरुवनंतपुरमच्या पद्मनाभस्वामी मंदिराची. तेथील तळघरे २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या निरीक्षकांसमोर उघडली गेली, वस्तू मोजल्या गेल्या, याद्या झाल्या. १३ जुलै २०२० च्या निकालाने त्रावणकोर घराण्याचा व्यवस्थापनाचा हक्क मान्य झाला. संपत्ती देवाचीच राहिली. तेथे धन खरोखर होते, अपार होते, आणि तरीही ते कोणी नेल्याची अफवा जयपूरइतकी मूळ धरू शकली नाही.

जयगढच्या पत्रव्यवहारातील दोन्ही पंतप्रधान वर्षभराच्या आत पदावरून गेले. इंदिरा गांधी मार्च १९७७ च्या निवडणुकीत हरल्या. भुट्टोंना जुलैत लष्कराने दूर केले. १९८३ साली किल्ला लोकांसाठी उघडण्यात आला. तिकीट काढून आत जाणाऱ्याला आधी जयवाण दाखवतात, मग तोफांचा कारखाना, मग टाकी. मोठ्या टाक्यापाशी वाटाडे थांबतात आणि एक्याऐंशी खांब व साठ लाख गॅलन हे आकडे सांगतात. ऐकणारा मात्र बहुधा दुसरेच काही विचारतो, आणि वाटाड्याकडे त्याचेही उत्तर तयार असते: किती मालमोटारी होत्या, रस्ता किती वेळ बंद होता, आणि त्या कोणत्या दिशेने गेल्या.